दाखला आपल्या शिवारातला

राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025पासून वर्णनात्मक झाली आणि करमाड, बदनापूर, फुलंब्रीच्या अभ्यासिकांत गोळे काळे करण्यात तरबेज झालेल्या मुलामुलींपुढे एकाएकी कोरा कागद आला. एकूण नऊ पेपर. भाषेचे दोन पात्रतेपुरते, उरलेल्या सातांचे 1750 गुण, आणि त्या सातांत निबंधाचा पेपर 250 गुणांचा. ही रचना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेच्या धर्तीवर केलेली आहे. तिथे निबंधाला तीन तास मिळतात. दोन निबंध, प्रत्येकी 125 गुण, प्रत्येकी हजार ते बाराशे शब्द. म्हणजे एका निबंधाच्या वाट्याला दीड तास येतो, आणि विचार, आराखडा, लेखन सगळं त्यातच बसवायचं असतं.

मी शाळेत मराठी शिकवलं. आता सुट्टीच्या दिवशी या मुलांचे सरावाचे निबंध तपासतो. प्रस्तावना कशी करावी, शेवट कसा करावा, अक्षर कसं असावं, याचं मार्गदर्शन त्यांना भरपूर मिळतं. मुलं अडतात ती दाखल्यापाशी. मत त्यांच्याकडे असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण ते कशावर उभं आहे हे दाखवायची वेळ आली की लेखणी थांबते किंवा पाठ केलेली एखादी गोष्ट कागदावर उतरते. म्हणून तपासताना जे लक्षात येत गेलं, ते इथे लिहितो.

1. पाठ असलेले दाखले आधी बाजूला ठेवा. एडिसनचा दिवा, अब्दुल कलामांनी लहानपणी वाटलेली वर्तमानपत्रं, दशरथ मांझींनी फोडलेला डोंगर. ही माणसं मोठीच आहेत, प्रश्न त्यांच्या मोठेपणाचा नाही. एडिसनची गोष्ट प्रयत्नावरच्या निबंधात येते, अपयशावरच्या येते, विज्ञानावरच्या येते आणि शिक्षणावरच्याही येते. जी गोष्ट कुठल्याही विषयाला चिकटते, ती हातातल्या विषयाबद्दल फारसं काही सांगत नाही. परीक्षक तर ती त्याच गठ्ठ्यात पुन्हा पुन्हा वाचत असणार. मी मुलांना एक कसोटी देतो. या माणसाबद्दल किंवा घटनेबद्दल नोट्समधल्या त्या एका ओळीपलीकडे आणखी चार वाक्यं तुम्हाला लिहिता येतात का? येत असतील तर दाखला तुमचा. येत नसतील तर तो नोट्स काढणाऱ्याचा.

2. दाखल्यातलं ‘काय’ सगळ्यांना ठाऊक असतं, गुण ‘का’ आणि ‘कसं’ यांना मिळतात. रोजगार हमी योजनेचं घ्या. ‘महाराष्ट्राने देशाला रोजगार हमी दिली’ हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक निबंधात दिसतं, आणि तिथेच परिच्छेद संपतो. खरी गोष्ट त्या वाक्यानंतर सुरू होते. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आधी ही कल्पना छोट्या प्रमाणात करून पाहिली. मग 1972चा दुष्काळ आला, मराठवाड्यात माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामांवर गेली, आणि ती कल्पना राज्यभर पसरली. 1977मध्ये कायदा झाला. काम मागणं हा हक्क ठरला. पण पैसा कुठून आणायचा? त्यासाठी 1975 साली व्यवसाय कराचा कायदा आला. आजही पगाराच्या चिठ्ठीत महिन्याला 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून गावातल्या मजुराच्या हाताला काम मिळावं, अशी ती व्यवस्था होती. पुढे 2005मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला.

आता पाहा, या एका दाखल्यात किती विषयांची दारं उघडतात. संकटातून निघालेली सुधारणा, शहर आणि गाव यांचं नातं, राज्याने केलेलं केंद्राने उचलणं, दया आणि हक्क यांतला फरक, कामावर आलेल्या बायकांच्या हातात स्वतःची मजुरी पडणं. पण ही दारं उघडतात ती पगाराच्या चिठ्ठीतल्या त्या 200 रुपयांपर्यंत पोचलेल्यालाच. एडिसनचे दहा दाखले पाठ करण्यापेक्षा असा एक दाखला पुरता समजून घ्यायला लागणारा वेळ सार्थकी लागतो, असं माझं ठाम मत आहे.

3. आपल्या शिवारात घडलेलं लिहायला संकोच करू नका. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो.

8 मे 2020च्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान रेल्वे रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. ते मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांतले होते. जालन्यात पोलादाच्या कारखान्यात कामाला होते, टाळेबंदीत काम बंद पडलं होतं. रुळांच्या कडेने चालत ते भुसावळकडे निघाले होते. तिथून गावाकडची गाडी मिळेल अशी आशा होती. चाळीसेक किलोमीटर चालल्यावर थकून रुळांवरच आडवे झाले. ही बातमी देशभर गेली, जगभर गेली. करमाड हे नाव तेव्हा कितीतरी लोकांनी पहिल्यांदा ऐकलं.

स्थलांतर, असमानता, विकास, शहरं, अशा कुठल्याही विषयावर सरावाचा निबंध दिला की आमच्याकडची मुलं मुंबईच्या झोपडपट्टीचं लिहितात, केरळच्या मजुरांचं लिहितात, कुणी तर युरोपातल्या निर्वासितांचं लिहितं. आपल्या गावाच्या रुळांवर घडलेलं मात्र लिहीत नाहीत. विचारलं तर उत्तर येतं, “सर, आपल्या गावाचं लिहिलं तर छोटं वाटेल.” जे घडलं ते छोटं नव्हतं, आणि त्याबद्दल अधिकाराने लिहू शकतील अशी मुलं देशात फार थोडी आहेत. त्यातली काही आपल्याकडे बसलेली आहेत.

मात्र हा दाखला कसा लिहायचा हे नीट समजून घ्यायला हवं. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचं छायाचित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे. बहुतेक मुलं तिथून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. त्या पोळ्यांनी वाचणाऱ्याच्या मनात कालवाकालव होते, पण निबंधातला मुद्दा पुढे जात नाही. शिवाय गेलेल्या माणसांच्या शिदोरीवर आपले गुण मिळवायचे, हे मला पटत नाही. त्याऐवजी विचारा, ते रुळांवर का होते? मार्चच्या 25 तारखेपासून टाळेबंदी होती आणि प्रवासी गाड्या बंद होत्या, म्हणून रूळ सुरक्षित वाटले असणार. पण मालगाड्या चालूच होत्या, कारण मालाची वाहतूक थांबवलेली नव्हती. रस्त्यांवर नाकाबंदी होती. मजुरांसाठी श्रमिक विशेष गाड्या 1 मेपासून सुटू लागल्या होत्या, पण त्यासाठी नोंदणी हवी आणि ती कुठे, कशी करायची हे मजुरापर्यंत पोचायला हवं. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी कायदा 1979पासून होता. कोण मजूर कुठल्या राज्यातून कुठे आला याची नोंद त्यात अपेक्षित होती. तरीही असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झालं ते ऑगस्ट 2021मध्ये.

एवढं लिहिल्यावर तुमचा मुद्दा आपोआप उभा राहतो: माल वाहून नेण्याची व्यवस्था आपण चालू ठेवू शकलो, माल घडवणाऱ्या माणसाला घरी नेण्याची व्यवस्था वेळेवर त्याच्यापर्यंत पोचवू शकलो नाही. हे वाक्य मी एका मुलीच्या निबंधाच्या समासात लिहिलं होतं. तिने पुढच्या खेपेला ते उचललं नाही, स्वतःचं याहून चांगलं वाक्य लिहिलं. मला फार आनंद झाला.

4. जवळचा दाखला दूरच्या दाखल्याशेजारी ठेवा. सगळे दाखले करमाड-शेंद्र्याचेच दिले तर निबंध अरुंद होतो. मी मुलांना सांगतो की पाचसहा दाखल्यांमध्ये काळ बदला, प्रदेश बदला, क्षेत्र बदला. पाण्यावर लिहिताना मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आपल्या आजच्या छत्रपती संभाजीनगर शहराला, जमिनीखालून पाणी आणणारी नहर बांधली, हे सतराव्या शतकातलं घ्या. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर घेण्यावर स्वतः बंदी घातली, हे आपल्या काळातलं घ्या. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं, हे त्यांच्या शेजारी ठेवा. तिन्ही गोष्टी पाण्याच्याच. एकीत राज्यकर्त्याची दूरदृष्टी आहे, दुसरीत गावाने स्वतःवर घालून घेतलेलं बंधन, तिसरीत दोन्हींच्या अभावाची किंमत. त्यानंतर जगातला एखादा दाखला आला तर तो शोभतो. नुसताच इस्राएलचा ठिबक सिंचनाचा दाखला दिला आणि मराठवाड्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही, तर परीक्षकाला हा उमेदवार कुठला आणि कशाचा अधिकारी होऊ पाहतोय, असा प्रश्न पडू शकतो.

5. तुमच्या मताविरुद्ध जाणारा एक तरी दाखला निबंधात हवा. तो आला की लिहिणाऱ्याचा तोल दिसतो. मराठवाड्यातल्या मुलांसाठी याचा सराव करायला जायकवाडीइतका चांगला विषय नाही, आणि इतका अवघडही नाही, कारण इथे आपण एका बाजूला उभे आहोत.

पैठणच्या या धरणाची पायाभरणी 1965मध्ये झाली, 1976मध्ये ते देशाला अर्पण झालं. त्यानंतर वरच्या अंगाला, नाशिक आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत, गोदावरीच्या खोऱ्यात पाणी अडत गेलं आणि कमी पावसाच्या वर्षी जायकवाडी रिकामं राहू लागलं. 2005च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात समन्यायी पाणीवाटपाचं तत्त्व आलं. पुढे सूत्र ठरलं की 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. 2016मध्ये न्यायालयाने समन्यायी वाटपाचं तत्त्व कायम ठेवलं.

आमच्या मुलांचे निबंध इथे विजयाच्या सुरात संपतात. मी त्यांना निफाडच्या द्राक्षवाल्याच्या किंवा राहुरीच्या ऊसवाल्याच्या जागी बसून एक परिच्छेद लिहायला लावतो. त्यानेही धरणाच्या भरवशावर बाग लावली, कर्ज काढलं. सोडलेल्या पाण्यातलं बरंच नदीच्या कोरड्या पात्रात जिरतं, हा त्याचा आक्षेप खोटा नाही. हे लिहूनही शेवटी तुम्हाला समन्यायी वाटपच योग्य वाटत असेल, तर जरूर तसं लिहा. मलाही तेच योग्य वाटतं. पण आता तुमचं मत वजनदार झालं, कारण त्याने समोरच्याचं म्हणणं ऐकून घेतलं आहे. उद्या तहसीलदार किंवा उपजिल्हाधिकारी म्हणून पाणीवाटपाच्या बैठकीत बसाल तेव्हा दोन्ही बाजू तुमच्यासमोर खुर्च्यांवर बसलेल्या असतील.

ऑरिकबद्दलही असंच. शेंद्रा-बिडकीनचं हे औद्योगिक शहर दहा हजार एकरांचं आहे. लाडगाव आणि करमाडकडची शेतंही त्यात गेली आहेत. कुणाच्या घरात मोबदल्यातून दुकान आलं, शिक्षण आलं, कुणाच्या घरातला पैसा संपला आणि शेतही नाही. दोन्ही घरं तुम्हाला माहीत आहेत. दोन्ही लिहा.

6. वेळेबद्दल. दीड तासातली पहिली पंधरा-वीस मिनिटं कच्च्या कामाला द्या. आजूबाजूला पेनं चालू झालेली ऐकू येतात तेव्हा ही मिनिटं फार मोठी वाटतात, तरी द्या. विषय वाचा, त्यातला खरा प्रश्न एका वाक्यात लिहा. मग डोक्यात येतील ते सगळे दाखले शेवटच्या पानावर उतरवा. प्रत्येकासमोर दोन-तीन शब्दांत लिहा की हा दाखला नेमकं काय सिद्ध करतो. इथे एक गोष्ट हमखास दिसते: चार दाखल्यांसमोर एकच गोष्ट लिहिलेली असते. त्यातला सर्वांत पक्का ठेवा, बाकीचे खोडा. मग उरलेल्यांत एक मुख्य दाखला ठरवा आणि त्याला दोन परिच्छेद द्या. इतरांना तीन-चार ओळी पुरतात. सगळ्यांना सारखी जागा दिली की निबंध सामान्यज्ञानाच्या यादीसारखा होतो.

विषय अमूर्त असला तर हे काम आणखी महत्त्वाचं. मी सरावाला एकदा विषय दिला होता, ‘सोयीचा मार्ग आणि न्यायाचा मार्ग’. अर्ध्या मुलांनी सोय म्हणजे आळस आणि न्याय म्हणजे कोर्ट असं धरून दाखले गोळा केले. विषयाचा खरा प्रश्न एका वाक्यात आधी लिहिला असता तर व्यवसाय करही आठवला असता, जायकवाडीही आठवली असती.

7. आकडा खात्रीचा असेल तरच लिहा. साक्षरता, बालमृत्यू, सिंचनाची टक्केवारी, यांचे दशांश चिन्हापर्यंतचे आकडे ठोकून दिलेले मी वाचतो आणि मला वाईट वाटतं. चुकीचा आकडा शेजारच्या खऱ्या वाक्यांवरचा विश्वासही घालवतो. आकडा आठवत नसेल तर प्रक्रिया लिहा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गडचिरोलीतल्या कामाचे बालमृत्यूचे आकडे आठवत नाहीत? हरकत नाही. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले, बाळाला दवाखान्यात नेण्याऐवजी उपचार घरी आणले, 39 गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष 1999मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींत ती पद्धत आली. मृत्यूदराचा एकही आकडा न देता दाखला पूर्ण होतो.

8. थोरांच्या तोंडी शब्द घालू नका. गांधीजींच्या, बाबासाहेबांच्या, विवेकानंदांच्या नावावर मोबाइलवर फिरणारी वाक्यं बहुतेक त्यांची नसतात. त्यांनी केलेलं काम लिहा. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी करवीर संस्थानात मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली आपल्या शहरात महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. कुठलंही अवतरण यापेक्षा जास्त काही सिद्ध करू शकत नाही.

9. दाखल्यांची एक वेगळी वही करा. रोज एक दाखला, त्याला एक पान. पानावर चार गोष्टी: काय घडलं, का घडलं, कुणाला फायदा आणि कुणाला तोटा झाला, आणि हा दाखला कुठे लागू पडत नाही. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मुलं कोरं सोडतात. ते मिळेपर्यंत पान पूर्ण झालं असं समजू नका. हिवरे बाजार गावाच्या एकजुटीवर उभं राहिलं. एक-दीड हजार वस्तीच्या गावात जमलेलं करमाडसारख्या हमरस्त्यावरच्या, रोज बाहेरून माणसं येणाऱ्या मोठ्या गावात तसंच जमेल का, हे लिहून पाहा. पुस्तकांबरोबरच घरातल्या माणसांनाही विचारा. 1972च्या कामांवर गेलेल्या आज्या अजून काही घरांत आहेत. मजुरी कशी मिळायची, सुकडी कशी वाटायचे, मुकादम हजेरी कशी लावायचा, हे त्या सांगतात, आणि ते कुठल्याच क्लासच्या नोट्समध्ये मिळत नाही.

10. परीक्षेच्या दिवशी नवा दाखला वापरू नका. वहीत नसलेला, आदल्या रात्री मोबाइलवर वाचलेला तर नाहीच.

मुख्य परीक्षेला बसणाऱ्या मराठवाड्यातल्या प्रत्येक मुलामुलीला माझं एवढंच सांगणं आहे: वहीचं पहिलं पान आपल्या गावाचं करा. या रविवारी ग्रामपंचायतीत जा, गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला, गेल्या पन्नास वर्षांत गावाला बदलून टाकणारी एक घटना निवडा आणि वर सांगितलेल्या चार प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. करमाडच्या आसपास राहत असाल तर ते पान घेऊन माझ्याकडे या, मी तपासून देईन.